धडधडीवरचे उतारे

लढाईच्या दिवसांत पेट्रोलची टंचाई होती, म्हणून आमच्याकडच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. गाडीच्या पाठीला लोखंडी भट्टी बांधलेली, तिच्यात कोळसा धुमसतोय, आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं, अशी ती प्रगती होती. अशाच एका मोटारीतून मी आणि बायको साताऱ्याहून सांगलीला, तिच्या माहेरी निघालो होतो. मी साताऱ्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवीत होतो. वय तिशीच्या आत, प्रकृती ठणठणीत, स्वभाव जरा तिरसट. सांगलीच्या अलीकडे कृष्णेवर मोठा पूल आहे. त्याच्या ऐन मध्यावर भट्टीनं मान टाकली आणि गाडी उभी राहिली.

मी खिडकीतून खाली पाहिलं. पाणी बरंच खाली होतं. एवढंच. कुणी ओरडलं नाही, काही पडलं नाही. आणि एकाएकी माझी छाती धडधडायला लागली. तळहात गार पडले, कपाळाला घाम सुटला, जीभ टाळ्याला चिकटली. श्वास घेत होतो पण पुरत नव्हता. आपण आता मरतो आहोत याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. मी कसाबसा खाली उतरलो आणि सांगलीकडे न जाता, जिकडून आलो होतो तिकडेच चालत सुटलो. बायको मागून पळत आली. पुलाचं टोक ओलांडून एका झाडाखाली बसलो, आणि जसं आलं तसं ते सगळं ओसरून गेलं.

उतारू गोळा झाले. ढकलण्यापेक्षा हे काम त्यांना बरं वाटलं असावं. एकानं पित्त सांगितलं, दुसऱ्यानं वारं लागलं म्हणून सांगितलं, तिसऱ्यानं स्वतःची वहाण माझ्या नाकाला लावली. त्या मोटारीत एकही माणूस असा नव्हता की ज्याला माझा रोग कळला नाही. मला तेवढा कळला नव्हता. मोटार पुन्हा सुरू झाली तरी मी तीत चढलो नाही. आम्ही घाटावर जाऊन होडीनं नदी ओलांडली. नावाडी आमच्याकडे टकमक बघत होता. इतका भक्कम पूल सोडून हा शिकलेला माणूस फुटक्या होडीतून का जातोय, असा त्याचा प्रश्न असणार, आणि तो रास्त होता. होडीत मला काहीसुद्धा झालं नाही.

सासरे निवृत्त अव्वल कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले होते, ती खोड पेन्शनीतही गेली नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेरा मारला, "जावईबापू, हे मनाचे खेळ आहेत. मन घट्ट करा." मन घट्ट कसं करतात हे त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत हा सल्ला मला कितीतरी लोकांनी दिला, आणि त्यातल्या एकालाही ती कृती ठाऊक नव्हती.

साताऱ्याला परतल्यावर ही धडधड वर्गात आली. फळ्यावर काढत होतो ती आकृती अर्धवट सोडून मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर पडलो. मग मोटारीची भीती, मग गर्दीची, मग वर्गाची. खरं म्हणजे भीती त्या जागांची नव्हती. तिथं पुन्हा तसं होईल याची होती. बाजारात जायचं टाळू लागलो. देवळात गेलो तर खांबाशी, दाराजवळ उभा राहायचो. ओळखीच्या लोकांना वाटायचं, मास्तर फार विनयशील झाले.

गावातल्या नामांकित डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छातीला नळी लावली, डोळे ताणून बघितले, आणि आनंदानं म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही." मी म्हणालो, "मग हे होतंय ते काय?" त्यांना प्रश्न आवडला नाही. त्यांनी ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. बाटलीला कागदाची खुणांची पट्टी चिकटवलेली, एकेक खूण दिवसातून तीनदा घ्यायची. त्या औषधानं धडधड जरा कमी झाली हे खरं, पण तिच्याबरोबर बाकीचंही सगळं कमी झालं. एकदा त्रिकोणाच्या कोनांची बेरीज मी फळ्यावर चुकीची लिहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. गणिताच्या मास्तराला याहून मोठा आजार नाही, म्हणून बाटली मोरीत ओतली.

हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. आवाज खाली आणून त्यांनी ब्रह्मचर्याचं महत्त्व सांगितलं. सगळ्या दौर्बल्याचं मूळ तिथं आहे, असं ते म्हणाले. मी लग्न झालेला माणूस, आणि ते स्वतः सात पोरांचे बाप. पण हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज होतं की मी नुसती मान हलवून बाहेर आलो.

मग वैद्यबुवा. त्यांनी नाडीवर तीन बोटं ठेवून डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसले. मला वाटलं, झोप लागली. शेवटी वात कोपला आहे असा निर्णय झाला. डोक्याला चोळायला एक तेल मिळालं. त्याला असा काही वास होता की पहिल्या बाकावरची मुलं मागे सरकली. आखाड्याचे वस्ताद म्हणाले, जोर-बैठका काढा, छातीत दम येईल. काढल्या. बैठकांनी छाती धडधडते, आणि छाती धडधडली की मला भीती वाटते, हे गणित त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नव्हतं. आखाड्याच्या लाल मातीत बसून मी रडलो, आणि वस्तादांनी तो माझा आळस समजला.

आई आमच्याजवळच राहायची. तिनं फार दिवस वाट पाहिली आणि मग फलटणच्या बाजूच्या एका गावातला देवऋषी गाठला. मी बैलगाडीनं गेलो, कारण मोटारीत बसणं शक्य नव्हतं. देवऋषी घुमला, केस मोकळे सोडून मान फिरवली, आणि म्हणाला की आमच्या घराण्यातलं कुणीतरी पाण्यात गेलं आहे, ते पुलावर वाट बघत बसलं आहे, त्याला काळं कोंबडं पाहिजे. आईनं पदर सावरून सांगितलं की आमच्यात कोंबडं चालत नाही. देवऋषी जरासा घुमायचा थांबला. मग म्हणाला, "मंग नारळ चालंल." आमचा तो बुडालेला पूर्वज फार समजूतदार निघाला. उतारा उतरून टाकला, लिंबू कापलं, आणि परतीच्या वाटेवर बैलगाडीतच मला पुन्हा तेच झालं. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्यावर मात्र माझा राग नव्हता. तिला ठाऊक होतं ते तिनं केलं.

सासऱ्यांनी पुढं हवापालट सुचवला. महाबळेश्वरची हवा म्हणजे संजीवनी, असं ते स्वतः कधी न जाता सांगत. वाईहून वर जाणाऱ्या मोटारीत बायकोनं मला जवळजवळ ढकललं. पसरणीच्या घाटात एका बाजूला दरी उघडली तेव्हा मी बाकांमधल्या वाटेत खाली बसलो आणि डोळे मिटून घेतले. वर पोचल्यावर हवा खरंच चांगली होती. पण उतरायचा घाट तोच आहे, हा एकच विचार मी तिथं मुक्कामभर केला.

या सगळ्यात मला बरं वाटलं असं एकच ठिकाण आठवतं, आणि ते म्हणजे पोलीसचौकी. त्या काळी साताऱ्याच्या मोटारस्टँडवर पोलीस डोळ्यांत तेल घालून उभे असत. खेड्यापाड्यांत भूमिगत माणसं हिंडत होती, आणि ती पकडायची तर कुणावर तरी संशय घेणं भाग होतं. एका दुपारी बायकोच्या आग्रहानं मी कऱ्हाडच्या मोटारीत बसायचा प्रयत्न करत होतो. पाय पायरीवर ठेवायचा, काढून घ्यायचा. घाम पुसायचा, मागं बघायचं, पुन्हा पाय ठेवायचा. एका हवालदारानं हे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"एवढा घाम कशाचा?" त्यानं विचारलं.

"भीती वाटते."

"कशाची?"

"कशाचीच नाही."

सरकारदरबारी या उत्तराला जागा नाही. मला चौकीत नेऊन बाकावर बसवलं, पिशवी उपसली. तिच्यात धोतर, भूमितीचं पुस्तक आणि वैद्यबुवांचं तेल निघालं. तेलाची बाटली उघडून फौजदारानं हुंगली आणि ताबडतोब बूच लावलं. नवल असं की चौकीत बसल्याबरोबर माझी धडधड थांबली. काहीतरी भयंकर होणार म्हणून मी इतके दिवस भीत होतो, आणि आता खरंच काहीतरी झालं होतं. दाराशी बंदूकवाला उभा असताना मी शांतपणे पेंगलो. संध्याकाळी हेडमास्तर येऊन मला सोडवून घेऊन गेले आणि वाटेत पुन्हा ब्रह्मचर्यावर बोलले.

लढाई संपली. त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुटीत बायको एकटी माहेरी गेली होती, ती परत आली ती एक बातमी घेऊन. सांगलीच्या बाजारपेठेजवळ एका डॉक्टरनं दवाखाना काढला होता. लष्करात होता, ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परतलेला. तिनं आधी स्वतः जाऊन त्याला सगळं सांगितलं होतं. मी चिडलो. म्हणालो, "आणखी एक? याचं तेल आहे की कोंबडं?"

ती म्हणाली, "अहो, आजवर सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं. या माणसानं तासभर मलाच विचारलं. कधी होतं, किती वेळ टिकतं, तुम्ही तेव्हा काय करता."

बैलगाड्यांचे टप्पे घेत आणि शेवटी होडीनंच नदी ओलांडून मी त्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर बारीक चणीचा, अकाली टक्कल पडलेला, सिगारेट ओढणारा. औषधांच्या रंगीत बाटल्या नव्हत्या, त्यामुळे माझा अविश्वास वाढला. त्यानंही नळी लावली. मग म्हणाला, "हृदय उत्तम आहे. आणि तुम्ही आजारी आहात."

ही दोन वाक्यं एकत्र मला तोवर कुणी म्हटली नव्हती.

त्यानं समजावून सांगितलं. माणसाच्या अंगात धोक्याच्या वेळी पळायची किंवा लढायची एक तयारी होते. छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास जोरात चालतो. ही तयारी कधी कधी धोका नसतानाच होते. त्यात मरण नाही. पण तुम्ही तिथून पळता, पळाल्यावर बरं वाटतं, आणि पळालो म्हणून वाचलो अशी अंगाला खात्री पटते. पुढच्या वेळी ते अधिक जोरात ओरडतं. "आघाडीवर मी हे चांगल्या चांगल्या जवानांत पाहिलं," तो म्हणाला. "तिथंही वरचे अधिकारी त्याला भित्रेपणा म्हणायचे. त्या अधिकाऱ्यांना मी कधी पुढच्या खंदकात पाहिलं नाही."

औषध काय, मी विचारलं. तो म्हणाला, पुलावर जायचं. जेवढं झेपेल तेवढंच जायचं, पण तिथं धडधड सुरू झाली की परतायचं नाही. ती आपोआप उतरेपर्यंत उभं राहायचं. रोज. मी मनात म्हटलं, हा सगळ्यांत मोठा ठक. विष चाखून विषाची सवय करा म्हणतो. मी उठायला लागलो तेव्हा त्यानं मागच्या खोलीतून एका माणसाला हाक मारली.

आत आलेला माणूस दारात वाकून आला इतका उंच होता. पलूसकडचा, मराठा पलटणीतला, ब्रह्मदेशात लढलेला. मिश्या भरदार, डोळे मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत फिरणारे. गावी परतल्यावर त्याला स्वतःच्या उसाच्या फडात पाऊल टाकता येईना. पाचट वाऱ्यानं सळसळलं की त्याचा जीव घशाशी यायचा. त्याच्या बापानं गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही म्हणून कपाळ बडवून घेतलं होतं, आणि गावानं त्याला बाईचं काळीज लावलंय असं ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाला, आजपासून दोघांनी बरोबर जा.

त्यानं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "गुरुजी, तुमचं बी हात गार पडत्यात व्हय?"

"पडतात."

"आन आता मरतुया असं वाटतंय?"

"दर वेळी."

"मंग लय बरं झालं," तो म्हणाला, आणि त्याच्या खांद्यांवरचा ताण इतका उघड उतरला की मलाही हसू आलं. एवढ्या वर्षांत माझा आजार ऐकून सुखावलेला हा पहिलाच माणूस.

सुटी संपेपर्यंत मी सासुरवाडीला राहिलो आणि आम्ही दोघे रोज संध्याकाळी पुलावर जात होतो. पहिल्या दिवशी पहिल्या कमानीपुढं माझे पाय उचलले नाहीत. धडधड सुरू झाली. मी वळलो, तर त्यानं माझा दंड धरला. ओढलं नाही, नुसता धरून ठेवला. "थांबा गुरुजी. डागतर काय म्हणला? हितंच ऱ्हायाचं." मी कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारून बैलगाड्या, सायकली जात होत्या. एक ओळखीचे गृहस्थ थांबून, प्रकृती कशी आहे, असं विचारून गेले, आणि मी दात एकमेकांवर ठेवून, उत्तम, म्हणालो. मरण आलं नाही. बऱ्याच वेळानं छाती आपणहून शांत झाली, आणि मी अजून पुलावरच होतो. ही गोष्ट मला इतकी अजब वाटली की मी त्याला दोनदा सांगितली.

रोज थोडं पुढं. एखादा दिवस मागंही. तो मला पलटणीतल्या गोष्टी सांगायचा, फक्त लढाईच्या कधीच नाही. खाण्याच्या, खेचरांच्या, एका मद्राशी स्वयंपाक्याच्या. सुटी संपायच्या सुमारास बायको आणि मी मोटारीत बसून पूल ओलांडला. मी तिचा हात इतका आवळला होता की तिच्या बांगड्यांचे वळ उठले. पलीकडे उतरल्यावर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, चला, आता पुन्हा पलीकडे जाऊन येऊ.

मग त्याची पाळी. मी त्याच्याबरोबर त्याच्या गावी गेलो. बांधावर त्याचा बाप विडी ओढत उभा होता. पोराचा आजार बघायला आता मास्तर आणलाय, याचा त्याला काडीचाही आनंद नव्हता. आम्ही फडाच्या कडेनं आत शिरलो. ऊस डोक्याहून वर गेलेला. वारा आला आणि सगळीकडून सळसळ झाली. एवढा धिप्पाड गडी खाली बसला आणि त्यानं माझा हात धरला. त्याचा तळवा बर्फासारखा होता. त्याला काय दिसत होतं ते मी विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "थांबा. उतरेल. मी आहे." माझी स्वतःची छाती धडधडत होती, पण त्या वेळी तिच्याकडे बघायला मला सवड नव्हती. हळूहळू त्याची पकड सैल झाली. बाहेर आलो तेव्हा बाप विडी विझवून उभा होता. तो पोराला म्हणाला, "आलास व्हय रं?" आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी कुणाशी नीट बोललं असावं.

पुढल्या सुट्यांतही आम्ही असे जात राहिलो. तो फडात शिरू लागला, पण फार वेळ नाही. एका हंगामात त्यानं तो तुकडा मोडून तिथं हळद लावली. हळदीची पानं कमरेएवढी, वरून सगळं शेत नजरेत येतं. डॉक्टर म्हणाला, हे थोडं पळणंच झालं. त्यावर तो म्हणाला, "पळालो न्हाई सायेब, वाईच सरकलोय." डॉक्टर हसला आणि त्यानं ते मान्य केलं. मलाही ते पटलं. माझंही सगळं गेलं नव्हतं. आजही गर्दीच्या सभेत मी कडेची खुर्ची बघतो. पण वर्गात उभा राहतो, मोटारीत बसतो, आणि धडधड आली तर तिला येऊ देतो.

मी हिंडू-फिरू लागल्यावर गावात श्रेयाची वाटणी झाली. वैद्यबुवा म्हणाले, तेल मुरायला वेळ लागतोच. वस्ताद आपल्या बैठकांकडे बोट दाखवू लागले. सासऱ्यांनी शेरा मारला की अखेर जावईबापूंनी मन घट्ट केलं. देवऋषीनं आईकडे निरोप धाडला की पूर्वज आता समाधानात आहे, पण एक नारळ राहिला आहे. तो आईनं पाठवला. मी कुणाशी वाद घातला नाही. इतके लोक एकाच माणसाला बरं करून खूश होते, त्यांच्या आनंदात विरजण कशाला घाला.

डॉक्टरचा दवाखाना मात्र चालेना. सांगलीच्या लोकांनी त्याला तोलून पाहिला आणि हलका ठरवला. सुई मारत नाही, लाल-पिवळं औषध देत नाही, नुसता बोलत बसतो. बोलायला काय, आम्हाला पण येतं. हळदीचे आणि गुळाचे अडते, शेठ-सावकार, माझे सासरे, सगळ्यांचं याबाबतीत एकमत होतं. ज्यांना त्याची गरज होती ते लोक दिवसाउजेडी त्याच्या पायऱ्या चढायला लाजत, आणि मागच्या दारानं येणाऱ्यांवर दवाखाना चालत नाही. वर्षा-दोन वर्षांत त्यानं तो बंद केला आणि मुंबईकडे एका इस्पितळात नोकरी धरली. त्याची जागा एका गृहस्थानं घेतली. त्याच्याजवळ दांडा फिरवला की वीज निघणारी पेटी होती. तारेची दोन टोकं हातात धरायची, झिणझिण्या आल्या की रोग गेला. तिथं पहिल्या दिवसापासून रांग लागली. रांगेत मला मोटारीतला तो वहाण हुंगवणारा दिसला असता तरी नवल वाटलं नसतं.

डॉक्टर निघाला त्या सकाळी त्याला पोचवायला सांगलीच्या स्टेशनवर आम्ही तिघंच होतो. मी, बायको आणि तो पलूसकडचा पलटणीतला गडी, फडक्यात ओली हळद बांधून आलेला. डॉक्टर जरा ओशाळल्यासारखा झाला होता. म्हणाला, इथं माझं काही जमलं नाही. बायको त्याला म्हणाली, "तुमचं जमलं हो. गावाचं जमलं नाही." त्यानं हळदीचं फडकं घेतलं, हुंगलं, आणि याचं काय करायचं असतं ते विचारलं. लोणचं घाला, तिनं सांगितलं, आणि कसं घालायचं ते गाडी सुटेपर्यंत सांगत राहिली.